चिकनगुनियाचा ताप गेला, मन मात्र उठत नाही: अंगातला दाह, सीआरपी आणि नैराश्य

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्यात वणी तालुक्यातलं गाव, मोठे भाऊ ३८ वर्षांचे. सप्टेंबरात चिकनगुनिया झाला, ताप ५ दिवसांत उतरला. त्याला आता अडीच महिने होत आले. सकाळी मनगटं आणि घोटे आखडतात. पहाटे ३ ला जाग येते, अर्धी भाकर खाऊन ताट सरकवतात, कापसाच्या ऐन वेचणीत वावराकडे फिरकत नाहीत, ओट्यावर नाहीतर खाटेवर बसून राहतात. गावातल्या डॉक्टरांनी 'विकनेस' म्हणून सलाईन लावल्या. एका लॅबमध्ये सीआरपी, म्हणजे अंगातला दाह दाखवणारी रक्ताची तपासणी, १४ आला. अंगातल्या सुजेमुळे, म्हणजे दाहामुळे, डिप्रेशन येतं असं तुमच्या वाचण्यात आलं. म्हणून तुम्ही विचारता की सूज उतरवणारं औषध दिलं तर मनही सुधारेल का, आणि ते औषध कोणतं.

तुम्ही वाचलं ते बरोबर आहे, पण त्यातून काढलेला अर्थ घाईचा आहे. दाहामुळे मन खचू शकतं हे आता पक्कं आहे. म्हणून दाह मारणारी गोळी दिली की मन उभं राहील, असं मात्र होत नाही. तुमच्या भावाच्या बाबतीत तीन गोष्टींचा वेगवेगळा विचार करावा लागेल: सांधे, थकवा आणि मन. तिन्ही एकाच तापातून आल्या असल्या तरी तिघींची औषधं वेगळी आहेत आणि बरं होण्याचा वेगही वेगळा आहे. 'विकनेस' या एका शब्दात तिन्ही कोंबल्या की एकीवरही नीट उपचार होत नाही.

आधी दाहाचं. विषाणू शिरला की पांढऱ्या पेशी इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, टीएनएफ, इंटरफेरॉन अशी रसायनं सोडतात. ती रक्तातून, आणि पोट-छातीकडून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस नावाच्या नसेमार्फत, मेंदूपर्यंत खबर पोहोचवतात. मग मेंदू अंगाला पडून राहायला लावतो. ताप येतो, भूक मरते, कुणाशी बोलू नये असं वाटतं, नेहमीच्या आवडीच्या गोष्टीत जीव रमत नाही. आजारी बैल चाऱ्याला तोंड न लावता दावणीला मान टाकून बसतो, तेही हेच. चार-सहा दिवसांसाठी ही सोय चांगलीच आहे, कारण सगळी ताकद विषाणूशी लढण्यात जाते. काहींच्या बाबतीत मात्र विषाणू गेल्यावरही हा हुकूम मागे घेतला जात नाही. चिकनगुनियात सांध्यांमधला दाह महिनोन्महिने धुमसत राहू शकतो, त्यामुळे तिथे याला जास्त वाव असतो.

यामागचं रसायनशास्त्र थोडं सांगतो, कारण पुढे औषध समजून घेताना ते लागेल. दाह वाढला की आयडीओ नावाचं एक एन्झाइम जोरात चालतं. आपल्या जेवणातल्या ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन बनतं. आयडीओ त्या ट्रिप्टोफॅनला दुसऱ्या वाटेला, कायन्युरेनिनकडे, वळवतं. शिवाय हुरूप आणि आवड ज्यावर चालते ते डोपामिनही कमी पडतं. म्हणून अशा रुग्णांना रडू येतंच असं नाही. त्यांची तक्रार असते, 'कशातच मन लागत नाही'.

हे सगळं नुसत्या तर्कावर उभं नाही. हेपॅटायटिस सी साठी पूर्वी इंटरफेरॉन अल्फाची इंजेक्शनं महिनोन्महिने देत असत. आधी मन ठणठणीत असलेल्या लोकांपैकीही साधारण चौथा ते तिसरा हिस्सा त्या काळात नैराश्यात जायचा. दाहाचं रसायन बाहेरून टोचलं आणि मन खचलं, इतका सरळ पुरावा वैद्यकात क्वचित मिळतो. इंटरफेरॉन घेणाऱ्या रुग्णांमध्ये दोन टप्पे दिसले. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच थकवा, भूक मरणं, झोप बिघडणं सुरू व्हायचं, आणि तेही बहुतेकांना. उदासपणा, चिडचिड, लक्ष न लागणं हे नंतर यायचं, आणि ते काहींनाच. पॅरॉक्सेटिन हे नैराश्याचं साधं औषध दिलं तेव्हा दुसऱ्या टप्प्यातल्या तक्रारी चांगल्या कमी झाल्या, पहिल्या टप्प्यातला थकवा फारसा हलला नाही. मन सुधारणारी गोळी थकव्यावर तितकी चालत नाही, एवढं ध्यानात ठेवा. नाहीतर महिनाभराने तुम्हीच म्हणाल, 'गोळी लागू पडली नाही, अजून वावरात जात नाहीत.'

आता उलट बाजू. इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ अडवणारं, संधिवातात वापरलं जाणारं जबरदस्त दाहविरोधी औषध. २०१३ मध्ये अमेरिकेत ते ६० जणांच्या अभ्यासात तपासलं गेलं. हे सगळे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याचे रुग्ण होते. एकूण गटात साध्या सलाईनपेक्षा जास्त फायदा झाला नाही. ज्यांचा सीआरपी ५ च्या वर होता त्यांच्यात फरक दिसला, बाकीच्यांना काही उपयोग नव्हता. यातून एवढंच कळतं की काही निवडक लोकांना दाहविरोधी उपचार उपयोगी पडू शकतो. नैराश्याचं नेहमीचं औषध म्हणून तो आजही कुणी देत नाही, आणि देऊही नये. हळदीच्या कॅप्सूल, सेलेकॉक्सिब ही सूज-दुखण्याची गोळी वगैरेंवर छोटे अभ्यास झाले आहेत, पण त्यावर विसंबून मूळ उपचार लांबवण्यासारखं काही नाही. जवसाची चटणी मात्र खुशाल खा, आपलीच आहे. फक्त नैराश्याच्या अभ्यासांत वापरलेलं ओमेगा-३ मुख्यतः माशांतलं ईपीए होतं आणि जवसातलं ओमेगा-३ वेगळं असतं. शरीर त्याचं फार थोडं ईपीए बनवतं.

तुमच्या १४ च्या आकड्याकडे येऊ. पहिली गोष्ट, रिपोर्टवर एकक बघा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर छापतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. दोन्हींत दहापट फरक आहे. लिटरमध्ये १४ म्हणजे थोडा वाढलेला, कारण बहुतेक लॅबची सीमा ५ किंवा ६ असते. डेसिलिटरमध्ये १४ म्हणजे १४० झाले, आणि मग अंगात कुठेतरी पू, न्यूमोनिया, लघवीचं इन्फेक्शन असं काही मोठं चालू आहे का ते त्याच दिवशी शोधावं लागेल. दुसरी गोष्ट, सीआरपी यकृतात बनतो आणि साधारण १९ तासांत निम्मा होतो. म्हणजे सप्टेंबरच्या तापाचा सीआरपी डिसेंबरपर्यंत टिकत नाही. आज तो वाढलेला असेल तर आज त्याला कारण आहे. ते कारण सुजलेलं मनगट असू शकतं, तसंच किडलेली दाढ, पायाची जखम, तंबाखू-विडी किंवा वाढलेलं पोटही असू शकतं. तिसरी गोष्ट, सीआरपीवरून नैराश्य आहे की नाही ते कळत नाही. गंभीर नैराश्यात तो २ असू शकतो आणि आनंदी माणसात २०. म्हणून त्याचा उपयोग सांधे आणि इन्फेक्शन तपासण्यापुरता करा. दर आठवड्याला सीआरपी करून मन सुधारतंय का ते बघण्यात पैसे घालवू नका.

मग नैराश्य आहे की नुसता थकवा, हे कसं ओळखायचं? मी रुग्णाला एक साधा प्रश्न विचारतो: आज अचानक अंगात पहिल्यासारखी ताकद आली तर काय कराल? नुसता थकवा असलेला माणूस लगेच सांगतो, 'वेचणी उरकतो, सासुरवाडीला जाऊन येतो.' इच्छा जागी असते, अंग साथ देत नाही. नैराश्यात माणूस गप्प राहतो, नाहीतर म्हणतो, 'काय करायचं आहे करून?' याशिवाय तीन खुणा नैराश्याकडे बोट दाखवतात. पहाटे नेहमीच्या दोन-तीन तास आधी जाग येणं आणि सकाळच सगळ्यात वाईट वाटणं. 'मी घरावर ओझं झालो', 'माझ्यामुळे हंगाम बुडाला' असं स्वतःला दोष देणं. आणि लहान पोर जवळ आलं तरी चेहऱ्यावर काही न उमटणं. थकव्यात संध्याकाळ जड जाते, माणूस स्वतःला नव्हे तर आजाराला शिव्या देतो, आणि नात जवळ आली की हसतो. चिकनगुनियानंतर असे दोन्ही प्रकार एकाच माणसात असणंही अगदी नेहमीचं आहे. तुम्ही जे लिहिलं त्यावरून तुमच्या भावाच्या बाबतीत मला हीच शक्यता जास्त वाटते.

पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची तपासणी मराठीत मिळते. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं, यावर प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त आले की डॉक्टरांनी नीट तपासायला हवं, २० किंवा जास्त म्हणजे गंभीर. पण तापानंतर ती वाचताना एक फसगत होते. झोप, थकवा आणि भूक हे तीन प्रश्न नुसत्या सांधेदुखीनेही ७-८ गुण देऊन जातात. म्हणून एकूण बेरजेआधी पहिले दोन प्रश्न (आवड उरली नाही, उदास वाटतं), स्वतःला कमी लेखण्याचा सहावा आणि मरणाच्या विचारांचा नववा, हे चार बघा. पहिल्या दोनपैकी एकही होकारार्थी नसेल तर नैराश्याचं निदान जवळपास बाजूला पडतं. नवव्याला शून्य सोडून काहीही आलं तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी डॉक्टर.

आता सगळं तापावर ढकलण्याआधी नैराश्यासारखं दिसणारं दुसरं काही आहे का ते पाहू. आपल्या भागात मी सगळ्यात आधी विचारतो, 'सांध्यांसाठी कुणी पुडीतल्या गोळ्या दिल्या का?' चिकनगुनियाच्या साथीत कागदाच्या पुडीत तीन-चार रंगांच्या गोळ्या मिळतात आणि त्यात बरेचदा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड, असतं. ओळखायला सोपं आहे. काही तासांत दुखणं पळतं, भूक खवळते, रात्री झोप लागत नाही, तोंड गोल दिसायला लागतं. पुडी संपली की दोन दिवसांत माणूस पार कोसळतो: अंग गळून जातं, मळमळतं, मन खाली जातं. स्टेरॉइड चालू असतानाही मन बिघडतं आणि एकदम बंद केल्यावरही. तीन आठवड्यांहून जास्त घेतलं असेल तर ते अचानक थांबवायचं नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगून हळूहळू उतरवायचं. उरलेली पुडी किंवा रिकामं पाकीट सोबत न्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पुढे रक्त. सगळ्या तपासण्यांचं मोठं पॅकेज घेण्याची गरज नाही, पण एवढ्या हव्यात: हिमोग्लोबिनसह सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), टीएसएच (थायरॉइड), बी-१२, उपाशीपोटी साखर, क्रिएटिनिन (किडनी), एसजीपीटी (यकृत) आणि सोडियम. विषाणूच्या आजारानंतर थायरॉइडला सूज येऊन नंतर ती ग्रंथी मंद पडू शकते, आणि थायरॉइड मंद झालेला माणूस हुबेहूब नैराश्यासारखा दिसतो. माळकरी किंवा दूध-अंडी कमी खाणाऱ्या घरात बी-१२ कमी असणं खूपदा सापडतं. हातापायाला मुंग्या, जिभेची जळजळ, विसराळूपणा असेल तर आधी तेच भरून काढावं लागतं. घराण्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार असेल तर ते सांगा, कारण मग सांधेदुखीचा अर्थच बदलू शकतो. खोकला दोन आठवड्यांहून जास्त, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणं, यातलं काही असेल तर टीबीसाठी थुंकीची तपासणी. सांध्यांवर दिसणारी सूज ६ आठवड्यांहून जास्त राहिली असेल तर आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या संधिवाताच्या तपासण्या, कारण चिकनगुनियाच्या नावाखाली खरा संधिवात सुरू झालेला असू शकतो. ऑगस्ट-सप्टेंबरात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी केली होती का, तोंडाला फडकं-हातमोजे होते का, हेही सांगा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने जे झालं त्यानंतर हा प्रश्न वगळून चालत नाही.

आणि दारू. 'अंग दुखतं म्हणून रात्री घोटभर' हे तापानंतर वाढतं. दारूने झोप लागते पण पहाटे तीनलाच मोडते, आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळीसोबत तर ती श्वासावर येऊ शकते.

आतापर्यंतचं थोडक्यात: पुडी, दारू, थायरॉइड, बी-१२, रक्त कमी, साखर हे बाजूला काढा. मग उरलेल्याचे तीन धागे वेगळे करा, सांधे, थकवा, मन. मनाच्या खुणा दोन आठवड्यांहून जास्त असतील तर तापाच्या नावाखाली आणखी वाट बघू नका.

सांध्यांसाठी पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, ठरल्या वेळी. दुखल्यावर कधीतरी एक घेतली तर तितका उपयोग होत नाही. दिवसाला ३ ग्रॅमच्या वर नको, आणि दारू पिणाऱ्याला त्याहून कमी. त्याने भागलं नाही तर नेप्रोक्सेन किंवा तत्सम गोळी जेवणानंतर, थोडे दिवस, किडनी आणि बीपी बघून. सकाळी उठल्यावर मनगटं-घोटे कोमट पाण्यात १० मिनिटं ठेवून मुठी उघडणं-मिटणं, घोटे फिरवणं. तीन महिन्यांच्या पुढे सूज टिकली तर फिजिशियन हायड्रॉक्सीक्लोरोक्विन किंवा मेथोट्रेक्सेट सुरू करतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आहे. रोज घेतल्याने जीव गेल्याची उदाहरणं आहेत, म्हणून घरातल्या एकाने वार लिहून ठेवावा. सांधे शांत झाले की रात्रीची झोप सुधारते आणि मनाला मोठा आधार मिळतो. दाह कमी करण्याचा मनाला होणारा खरा फायदा बहुतेक वेळा याच वाटेने येतो.

मनासाठी, नैराश्य मध्यम किंवा जास्त असेल तर, साधारण सर्ट्रालिन निवडली जाते: सकाळी नाश्त्यानंतर २५ मिलिग्रॅम, आठवड्याने ५०. किंवा एस्सिटॅलोप्रॅम ५ वरून १०. दोन्ही सरकारी दवाखान्यात बरेचदा मिळतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकं जड, थोडी बेचैनी होते, आणि नेमकी तेव्हाच घरातले म्हणतात, 'या गोळ्यांनी आणखी बिघडलं, बंद कर.' हा त्रास आठ-दहा दिवसांत ओसरतो. फरक २ ते ४ आठवड्यांत दिसू लागतो, पूर्ण परिणामाला ६ ते ८ आठवडे. आधी झोप आणि चिडचिड सुधारते, मग चेहऱ्यावर थोडं हसू, हुरूप सगळ्यात शेवटी. बरं वाटल्यावर ६ ते ९ महिने गोळी चालू ठेवायची आणि बंद करताना उतरवत न्यायची. या गोळ्यांची सवय लागत नाही. सवय लागते ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामची, आणि नेमक्या त्याच मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणल्या जातात.

चिकनगुनियाच्या रुग्णात या गोळ्या देताना मेळ बसवावा लागतो, आणि इथे खूप चुका होतात. सर्ट्रालिन-एस्सिटॅलोप्रॅमसोबत रोज डायक्लोफेनॅक किंवा नेप्रोक्सेन घेतलं तर पोटातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. म्हणून सांध्यांसाठी शक्यतो पॅरासिटामॉल, आणि दुसरी गोळी लागलीच तर सोबत पँटोप्राझोल ही ॲसिडिटीची गोळी. शौच डांबरासारखी काळी झाली तर लगेच दवाखाना. दुखण्यासाठी ट्रामाडोल चालू असेल तर ते सांगा, कारण दोन्ही मिळून घाम, थरथर, छातीत धडधड आणि प्रसंगी झटके येतात. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू असेल तर एस्सिटॅलोप्रॅमपेक्षा सर्ट्रालिन बरी, आणि आधी एक ईसीजी काढावा, कारण त्या जोडीने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. भावाला पूर्वी कधी आठवडाभर अति उत्साह, झोपेशिवाय फिरणं, उधळपट्टी असं झालं असेल तर ते सगळ्यात आधी सांगा. अशा माणसाला नुसती नैराश्याची गोळी उलट्या टोकाला नेऊ शकते.

सलाईनबद्दल एकदा हिशोब मांडतो. अर्धा लिटरच्या ५ टक्के ग्लुकोज बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चहाचे चमचे. तिची ताकद एका ज्वारीच्या भाकरीलाही गाठत नाही. पिवळा रंग दिसतो तो व्हिटॅमिनचा. माणूस तोंडाने खात-पीत असेल तर त्या पैशांत अंडी, तूर डाळ, भुईमूग आणा. दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण १ ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. अर्धी भाकर खाणाऱ्याला पूर्ण ताट समोर ठेवू नका. दर तीन तासांनी थोडं-थोडं, पातळ वरण, एक अंडं, ताकातली आंबील.

थकव्याचं काम सगळ्यात नाजूक. घरच्यांची दोन टोकं असतात: 'झोपून राहू दे' किंवा 'उठून कामाला लाग, आपोआप जाईल'. नैराश्यात हालचाल औषधासारखी लागते. पण विषाणूनंतरच्या थकव्यात काही लोकांना जास्त कष्ट केले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग पूर्ण बसतं. म्हणून आधी तीन-चार दिवस बघा. सकाळी १० मिनिटं सपाट रस्त्यावर चाला आणि दुसऱ्या व तिसऱ्या दिवशीची तब्येत लिहून ठेवा. अंग बसत नसेल तर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. बसत असेल तर चालणं ६-७ मिनिटांवर आणा, मध्ये टेकण्याची वेळ ठेवा, आणि बरं वाटलेल्या दिवशी ठरल्यापेक्षा जास्त काम करू नका. बरं वाटलं म्हणून एका दिवसात चुंगडं भरणारा माणूस पुढचे चार दिवस खाटेवर असतो. वेचणी वाकून करायची असते, सुजलेल्या मनगटाला ती झेपणार नाही, तेव्हा तिचा हट्ट सोडा. पण वावरात नेऊन झाडाखाली बसवा, मजुरांच्या वेचलेल्या कापसाचं वजन लिहायला द्या. हंगामात आपला काही उपयोग आहे, ही भावना नैराश्यात फार कामाची असते. झोपेसाठी उठायची वेळ रोज एकच, दुपारी अर्ध्या तासाच्या वर डुलकी नको, ४ नंतर चहा नको, सकाळचं ऊन अंगावर.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण जे सांगायलाच हवं ते. भावाला स्पष्ट विचारा: 'भाऊ, जगावंसं वाटत नाही, जीव द्यावासा वाटतो, असं कधी मनात येतं का?' विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. उलट बरेच जण मोकळे होतात. उत्तर काहीही असो, आजच फवारणीच्या उरलेल्या बाटल्या घरातून आणि गोठ्यातून हलवा. गोठ्याच्या आढ्यावर, बैलबंडीखाली, धान्याच्या कोठीमागे सापडतात. त्या कुलूप असलेल्या दुसऱ्या घरी ठेवा आणि किल्ली भावाकडे नको. आत्महत्येचा विचार बहुतेकदा लाटेसारखा येऊन ओसरतो, आणि त्या वेळी हाताशी विष नसणं हा उपाय कुठल्याही गोळीपेक्षा लवकर लागू पडतो. विचार येत असतील तर माणसाला एकटं सोडू नका. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक कोणत्याही वेळी लागतो आणि मराठीत बोलता येतं. काही घेतलंच असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढत बसू नका, १०८ बोलवा आणि बाटली सोबत न्या.

बोलताना 'गावात सगळ्यांना चिकनगुनिया झाला, ते कसे उभे राहिले?' हे वाक्य टाळा. वहिनींनाही सांगा. बाहेरचं झालं म्हणून कुणी दर्ग्यावर-देवळात न्यायचं म्हणत असेल तर भांडू नका, दर्शन घ्या, पण गोळी आणि तपासणी त्यासाठी थांबवू नका. आणि उपाशी ठेवणं, मारणं, धुरी देणं यातलं काही चालू झालं तर तिथून सरळ निघा.

किती दिवसांत बरं होईल, हे पूर्वी असा झटका आला होता का, दारू आहे का, सांधे किती सुजले आहेत आणि कर्जाचा ताण किती आहे यावर अवलंबून आहे. नुसती तापानंतरची उदासी बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप जाते. तुमच्या भावाला अडीच महिने झाले आणि झोप-भूक-काम तिन्ही सुटलं, म्हणून मी वाट बघायला सांगणार नाही. हा प्रकार नवा नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झानंतर अमेरिकेत कार्ल मेनिंजर यांनी १९१९ मध्ये अशा बिघडलेल्या मनांच्या रुग्णांवर लिहिलं होतं. तेव्हा औषध नव्हतं, आज आहे.

वणीहून चंद्रपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज जवळ पडेल, यवतमाळचंही चालेल. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी कोणत्या वारी असते ते आशाताईंना किंवा पीएचसीत विचारून घ्या. सेवाग्राम किंवा नागपूरचं मेडिकल इतक्यात गरजेचं नाही. ते लागेल गोंधळलेलं बोलणं, झटके, पायांपासून वर चढणारी कमजोरी, डोळा लाल होऊन नजर कमी होणं यातलं काही झालं तर, आणि तेही लगेच. सोबत तापाचे कागद, सीआरपीचा रिपोर्ट, सगळ्या गोळ्यांची पाकिटं, पुडी असेल तर तीही, आणि झोप-भूक-कामाची गेल्या दोन आठवड्यांची वहीतली नोंद न्या. भाऊ बोलले नाहीत तर डॉक्टरांना ती नोंद वाचून दाखवा. गोळी एकदम दोन-तीन महिन्यांची घरात ठेवू नका, दर १५ दिवसांनी आणा आणि ती तुमच्याच ताब्यात ठेवा.